विश्लेषण : चित्रपट तोच, डबा नवा… एकच चित्रपट किती वेळा विकत घ्यायचा?

‘स्पेशल एडिशन’, ‘कलेक्टर्स एडिशन’, ‘अल्टिमेट एडिशन’… हॉलीवूडच्या गाजलेल्या चित्रपटांच्या डिस्कवरील विशेषणे दर काही वर्षांनी बदलतात आणि आधीची डिस्क ज्याच्या कपाटात आहे, त्यालाच नवी घेण्याचा आग्रह होतो. संग्राहकांनी या प्रकाराला ‘डबल डिप’ असे नाव दिले आहे. एकाच गिऱ्हाइकाच्या खिशात दोनदा हात घालणे, असा त्याचा सरळ अर्थ. प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे लबाडी असे नाही. पण कोणती आवृत्ती चित्रपटासाठी निघाली आणि कोणती फक्त खिशासाठी, हे ग्राहकाला खरेदीआधी कळायला हवे. नेमके तेच कळू दिले जात नाही.

नेमकी तक्रार काय?

‘अवतार’चे उदाहरण पाहू. डिसेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची डीव्हीडी आणि ब्लू-रे अमेरिकेत २२ एप्रिल २०१० रोजी आली. तिच्यात फक्त चित्रपट होता. निर्मितीचा माहितीपट नाही, वगळलेली दृश्ये नाहीत. सगळी जागा चित्राच्या दर्जासाठी राखली, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही मिनिटे वाढवलेला चित्रपट पुन्हा सिनेमागृहांत लागला. नोव्हेंबरमध्ये तीन डिस्कचा संच आला. त्यात १६२, १७१ आणि १७८ मिनिटांच्या तीन आवृत्त्या, शिवाय वगळलेली दृश्ये आणि माहितीपट. थ्रीडी ब्लू-रे आधी केवळ पॅनासॉनिकच्या थ्रीडी उपकरणांसोबत मिळत होती. ती सर्वांसाठी खुल्या विक्रीला यायला २०१२ उजाडले. फोर-के डिस्क २०२३ मध्ये आली.

‘अवतार : द वे ऑफ वॉटर’च्या वेळीही तेच. जून २०२३ मध्ये साधी आवृत्ती, डिसेंबरमध्ये कलेक्टर्स एडिशन. नोव्हेंबरच्या संचाचा उल्लेख दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी २०१० मध्ये मुलाखतींतून केला होता, हे मान्य. पण दुकानात फळीवरून डिस्क उचलणारा प्रत्येक जण मुलाखती वाचून येत नाही. जो सर्वात उत्सुक, तो सर्वात आधी घेतो आणि सर्वात अपुरी वस्तू घेऊन घरी जातो. तक्रार आहे ती या उलट्या न्यायाबद्दल.

स्टुडिओ असे का करतात?

कारण साधे आहे. चित्रपटाचा खर्च आधीच झालेला असतो. नवे वेष्टन, एखादा माहितीपट किंवा काही वाढीव दृश्ये यांचा खर्च त्या मानाने किरकोळ असतो. शिवाय जाहिरातीची संधीही साधता येते. ‘स्पायडर-मॅन ३’ मे २००७ मध्ये यायचा होता. त्याच्या तोंडावर, एप्रिलमध्ये, २००४ च्या दुसऱ्या भागाची ‘स्पायडर-मॅन २.१’ ही डीव्हीडी काढण्यात आली. वाढीव भाग सुमारे आठ मिनिटांचा!

डिस्नेची पद्धत आणखी वेगळी होती. गाजलेले अ‍ॅनिमेशनपट काही काळ विकायचे, मग ‘तिजोरीत’ ठेवायचे आणि काही वर्षांनी पुन्हा बाहेर काढायचे. ‘स्नो व्हाइट’ २००१ मध्ये ‘प्लॅटिनम’, २००९ मध्ये ‘डायमंड’ आणि २०१६ मध्ये ‘सिग्नेचर’ झाली. मूर्ती तीच, मखर दर वेळी नवे.

बाजार आटल्यावर हा मोह वाढला. अमेरिकेत डिस्कची वार्षिक विक्री २००० च्या दशकाच्या मध्यात १६ अब्ज डॉलरच्या आसपास होती. २०२४ मध्ये ती एक अब्ज डॉलरच्याही खाली गेली. सर्वसामान्य ग्राहक स्ट्रीमिंगकडे वळला आणि उरला तो संग्राहक. मग त्याच्यासाठी मर्यादित संख्येच्या धातूच्या डब्या, म्हणजे ‘स्टीलबुक’, पोस्टकार्डे आणि छोटी पुस्तिका. आतली डिस्क पुष्कळदा जुनीच.

मग प्रत्येक नवी आवृत्ती निरर्थक असते का?

नाही. तंत्रज्ञान बदलते, तेव्हा नव्या आवृत्तीला खरा अर्थ असतो. डीव्हीडीच्या चित्रात ४८० किंवा ५७६ आडव्या रेषा, ब्लू-रेमध्ये १०८०, तर फोर-के डिस्कमध्ये २१६०. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर मुळातच इतका तपशील असतो की डीव्हीडीत त्याचा थोडाच भाग उतरत असे. म्हणून मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून काढलेली प्रत मोठ्या पडद्यावर वेगळी दिसते.

सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी हे याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या. अमेरिकेतील अकादमी फिल्म आर्काइव्ह आणि क्रायटेरियन यांनी इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांवर काम करून घेतले. ‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून अधिक निगेटिव्ह वापरण्याजोगी निघाली, उरलेला भाग इतर प्रतींतून घ्यावा लागला. २०१५ मध्ये पुढे आलेली ही आवृत्ती जुनी डीव्हीडी असलेल्यानेही आनंदाने घ्यावी अशीच होती. इथे पैसे वेष्टनाचे नव्हे, कामाचे होते.

नवी आवृत्ती जुनीपेक्षा नेहमी सरस असते का?

हाच दुसरा सापळा. ‘प्रीडेटर’ची ब्लू-रे २००८ मध्ये आली होती. २०१० मध्ये ‘अल्टिमेट हंटर एडिशन’ या भारदस्त नावाने ती पुन्हा काढण्यात आली. चित्र ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात फिल्मचा नैसर्गिक कणीदारपणा पुसला गेला, त्याबरोबर त्वचेचा पोतही गेला आणि कलाकारांचे चेहरे मेणाचे दिसू लागले. ज्यांनी जुनी डिस्क विकून नवी घेतली, त्यांचा तोटा दुहेरी झाला. २०२४ मध्ये ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’च्या फोर-के डिस्क आल्या तेव्हाही संगणकाने तपशील ‘घडवल्या’वरून असाच वाद झाला. ‘नवे’ हा शब्द तारीख सांगतो, दर्जा नव्हे.

आधीच सांगितले तर विक्री बुडेल, या भीतीत तथ्य आहे का?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अनुभव वेगळे सांगतो. ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ची चित्रपटगृहातील आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये डीव्हीडीवर आली. नोव्हेंबरमध्ये चार डिस्कची, सुमारे अर्ध्या तासाची भर असलेली आवृत्ती येणार हे आधीच जाहीर झाले होते. ऑगस्टच्या संचातच तिची झलक होती. वाढीव दृश्यांसाठी नवे पार्श्वसंगीत रचले गेले होते. ज्याला फक्त चित्रपट हवा त्याने ऑगस्टमध्ये घ्यावा, ज्याला सगळे हवे त्याने तीन महिने थांबावे, असा स्वच्छ व्यवहार. अनेकांनी दोन्ही घेतल्या आणि फसवल्याची भावना फारशी उरली नाही.

पण हा आदर्शही पुढे टिकला नाही. ब्लू-रेवर २०१० मध्ये आधी छोट्या आवृत्त्यांचा संच आला आणि ज्याची मागणी होती तो मोठा संच २०११ मध्ये. फोर-के २०२० मध्ये आले, पण चाहत्यांच्या आवडीचे निर्मितीचे माहितीपट त्यात नव्हते. पुढच्याच वर्षी ३१ डिस्कचा महासंच हजर! पहिल्या दिवसापासूनचा चाहता एव्हाना मोजणे सोडून देतो.

जुनी आवृत्ती नाहीशी झाली तर काय?

इथे प्रश्न पैशांपलीकडे जातो. जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या तीन चित्रपटांच्या ‘स्पेशल एडिशन’ काढल्या. नवी दृश्ये आली, संगणकीय प्राणी आले, काही प्रसंगांचा अर्थही बदलला. २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल झाले, २०११ च्या ब्लू-रेत आणखी. मूळ चित्रपट २००६ मध्ये डीव्हीडीवर मिळाले, पण जोडडिस्क म्हणून आणि १९९३ च्या लेझरडिस्कसाठी तयार केलेल्या जुन्या प्रतीवरून. १९७७ मध्ये जगाने जो चित्रपट पाहिला, तो तसाच्या तसा ब्लू-रे किंवा फोर-के डिस्कवर कधीच विकला गेला नाही. दिग्दर्शकाला फेरफाराचा हक्क आहे, हे मान्य. पण आधीची प्रत बाजारातून उठवण्याने प्रेक्षकाच्या स्मृतीतलाच भाग खोडला जातो.

याच्या उलट, ‘ब्लेड रनर’च्या २००७ च्या संचात त्याच्या पाच आवृत्त्या एकत्र दिल्या गेल्या. कोणती खरी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्याकडे ‘शोले’ला हेच लागू पडते. १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे बदललेला शेवट आपण सर्वांनी पाहिला; ठाकूरच्या हातून गब्बर मरतो तो मूळ शेवट २०२५ मध्ये पुनरुज्जीवित प्रतीत मोठ्या पडद्यावर आला. मूळ शेवट परत यावा, हे योग्यच. पण पन्नास वर्षे पाहिलेला शेवटही जपला जायला हवा. दोन्ही मिळूनच ‘शोले’चा इतिहास पुरा होतो.

भारतीय ग्राहकाचा याच्याशी काय संबंध?

आपल्याकडे डिस्कचा बाजार वेगळ्या वाटेने गेला. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकली, तेव्हा ‘विशेष आवृत्ती’पेक्षा ‘स्वस्त आवृत्ती’ महत्त्वाची होती. मराठी चित्रपटांच्या वाट्याला तर बहुतांशी व्हीसीडी आणि डीव्हीडीच आल्या. मराठी रसिकाची तक्रार म्हणूनच उलटी आहे. तिकडे पाचव्या आवृत्तीचा वैताग, इकडे पहिल्या धड आवृत्तीची वाट.

तरीही मुंबई-पुण्यातले संग्राहक परदेशातून डिस्क मागवतात. त्यांना डिस्कच्या किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क भरावे लागते. ब्लू-रेच्या विभागणीत भारत ‘सी’ गटात, तर अमेरिका ‘ए’ आणि युरोप ‘बी’ गटात. म्हणजे मागवलेली डिस्क घरच्या प्लेअरवर चालेलच याची खात्री नाही. फोर-के डिस्कला हे बंधन नसते, एवढाच दिलासा. अशा ग्राहकाला सहा महिन्यांनी ‘खरी’ आवृत्ती आल्याचे कळते, तेव्हा त्याचे नुकसान अमेरिकी ग्राहकापेक्षा मोठे असते.

स्ट्रीमिंगने प्रश्न सुटला नाही का?

थोडा सुटला, थोडा वाढला. अ‍ॅपलने २०१७ मध्ये फोर-के चित्रपट आणले, तेव्हा आधी एचडी स्वरूपात घेतलेले चित्रपट, जिथे फोर-के उपलब्ध होते तिथे, विनामूल्य उंचावून दिले. निष्ठावान ग्राहकाकडून दुसऱ्यांदा पैसे न घेताही धंदा करता येतो, याचा हा पुरावा. पण ऑनलाइन ‘खरेदी’ म्हणजे प्रत्यक्षात परवाना असतो. विक्रेत्यांनी हे स्पष्ट सांगावे असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ऑनलाइन प्रत रातोरात बदलता येते, काढूनही घेता येते. कपाटातली डिस्क मात्र कोणी येऊन दुरुस्त करत नाही. म्हणून तर ती टिकायला हवी. आणि ती टिकवणाऱ्या मूठभर ग्राहकांनाच वारंवार पिळणे हा आत्मघात आहे.

मग अपेक्षा काय?

तीनच. पहिली, वर्षभरात मोठी आवृत्ती येणार असेल तर ते पहिल्या आवृत्तीच्या डब्यावर छापावे. दुसरी, नवी आवृत्ती काढताना मूळ चित्रपटही त्याच संचात, त्याच दर्जाने द्यावा. तिसरी, दोष स्टुडिओचा असेल तर डिस्क फुकट बदलून द्यावी. २००२ मध्ये ‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या डीव्हीडीत चित्राची चौकट चुकली होती, तेव्हा युनिव्हर्सलने डिस्क बदलून दिल्या होत्या. म्हणजे हे अशक्य नाही.

ग्राहकाच्या हातीही काही आहे. मोठ्या चित्रपटाची डिस्क पहिल्या आठवड्यात घेण्याऐवजी सहा महिने थांबावे. ‘रीमास्टर्ड’ या शब्दावर न भुलता स्कॅन मूळ निगेटिव्हवरून नव्याने केले आहे की जुनीच प्रत वापरली आहे, हे परीक्षणांत पाहावे. जुन्या डिस्कवरचे माहितीपट नव्या संचात आले आहेत का, हे तपासावे आणि तोवर जुनी डिस्क विकू नये. फक्त डबा बदलला असेल तर तो दुकानातच राहू द्यावा. पडून राहिलेला माल स्टुडिओच्या हिशेबात दिसतो. समाजमाध्यमांवरचा संताप तिथे दिसत नाही.