ढेकूळ पाण्यात टाकून पाहा

मृग तोंडावर आला की गावोगाव एकच घाई सुरू होते. ट्रॅक्टरवाला आज आपल्या शिवारात आहे, उद्या मिळणार नाही, तेव्हा उरकून घ्या! नांगरट होते, वर रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या होतात, माती मैद्यासारखी दिसू लागते आणि बघणाऱ्याचे डोळे निवतात. आमच्या वाचकांपैकी अनेक जण पोटापाण्यासाठी शहरात राहतात. गावची चार-सहा एकर चाचा बघतात, नाहीतर बटाईने दिलेली असते. अशा घरांत मशागतीचा हिशेब फोनवरच होतो. ट्रॅक्टर किती तास चालला, किती पैसे पाठवायचे. त्या तासांत मातीचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. या महिन्यात आपण तेच विचारू या.

चांगल्या मातीत निम्मी जागा रिकामी असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून रवाळ खडे बनतात. त्या खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरते आणि हवा खेळते, लहान पोकळ्यांत ओल टिकते. कणांना धरून ठेवणारा डिंक कुजलेला पालापाचोळा, मुळांचा स्राव आणि बुरशीचे धागे यांतून तयार होतो. औत लागले की माती मोकळी होते, पोकळी वाढते, आणि हे खरेच आहे. पण तो फुगारा टिकत नाही. दोन-चार जोरदार पाऊस झाले की माती पुन्हा बसते, आणि खडे मोडलेले असतील तर पहिल्यापेक्षाही घट्ट बसते. शिवाय दरवेळी माती उलथली की हवा लागून सेंद्रिय अंश भराभर जळतो, म्हणजे डिंकच कमी होत जातो.

मैद्यासारख्या मातीवर पहिला धो-धो पाऊस पडला की थेंबांच्या माऱ्याने कण सुटतात आणि वरच्या पोकळ्या बुजवून टाकतात. मग ऊन पडते आणि पापडी धरते. सोयाबीनचा कोंब मान वाकवून दोन्ही डाळी वर उचलत येतो. पापडीखाली ती मान मोडते. तूट पडली की आपण बियाणेवाल्याला बोल लावतो. कधी तो दोषी असतोही, पण पापडी उचलून खाली मोडक्या माना दिसतात का, हे आधी पाहिले पाहिजे. दुबार पेरणीचा खर्च ज्या घराने सोसला आहे, त्याला याची किंमत सांगायला नको.

खात्री घरच्या घरी करता येते. एक ढेकूळ शेतातून आणा आणि एक बांधावरून, जिथे गवत आहे आणि वर्षानुवर्षे औत लागलेले नाही. दोन्ही सावलीत पूर्ण वाळू द्या. सुपारीएवढे तुकडे घ्या, चहाच्या गाळणीत ठेवा आणि पाण्याने भरलेल्या दोन पेल्यांत अलगद बुडवा. मुलांना जवळ बसवा, त्यांना गंमत वाटेल. बांधावरचा तुकडा बहुधा बराच वेळ आकार धरून राहतो. सतत भुसभुशीत केलेल्या शेतातला काही मिनिटांत विरघळल्यासारखा खाली बसतो. पावसात वाफ्यात हेच घडते. पाणी तासन्‌तास गढूळच राहिले तर जमीन चोपण होत चालली असण्याची शंका घ्यावी आणि माती तपासून घ्यावी. तो रोग नुसत्या मशागतीने बरा होत नाही.

दुसरी परीक्षा थोड्या मेहनतीची आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा ओलसर मातीत सरळ दाबा, काठाबरोबर माती कापून काढा, ती भट्टीत किंवा मंद तव्यावर पूर्ण सुकवा आणि वजन करा. डब्यात ५०० मिलिलिटर माती मावत असेल आणि सुकल्यावर ६५० ग्रॅम भरली, तर घनता १.३ झाली, म्हणजे अंदाजे निम्मी जागा मोकळी आहे. तेवढ्याच डब्यात ८०० ग्रॅम भरली तर १.६, आणि मोकळी जागा ४० टक्क्यांवर आली. भारी काळ्या जमिनीत आकडा १.४-१.५ च्या वर सरकला की मुळे अडखळतात. वाळूच्या हलक्या जमिनीत याहून जास्त आकडाही चालतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नये.

वरची माती मऊ आणि खाली दगड, असेही होते. नांगराचा फाळ दरवर्षी त्याच खोलीवर घासतो, वरून ट्रॅक्टरचे वजन पडते, आणि वीतभर खाली कठीण थर तयार होतो. वाफशावर लोखंडी सळई दाबून पाहा. एका खोलीवर ती अचानक अडली तर समजावे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हे अल्लाहने दिलेले नांगरणीचे काम आहे. तुरीची खोल मुळेही मदत करतात.

ओल्या मातीत ट्रॅक्टर घालणे मात्र आम्हाला कोणत्याही सबबीवर पटत नाही. कणीक तिंबून वाळवली की काय होते, हे घरातल्या अम्मी-दादी जास्त चांगले सांगतील. मूठभर माती दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे, तसाच राहिला तर थांबा.

नांगर शत्रू आहे असे आम्ही म्हणत नाही. उन्हाळी नांगरटीने किडींचे कोष उन्हात येतात, हरळीसारखे तण आटोक्यात येते. पण खोल नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. मधल्या वर्षांत वखराच्या पाळ्या द्याव्यात आणि रोटाव्हेटर बाजूला ठेवावा. कोकणातल्या वाचकांचा प्रश्न वेगळा आहे. भाताच्या खाचरात चिखलणी करून आपण मातीची घडण मुद्दाम मोडतो, कारण पाणी साठवायचे असते. भाताला ते मानवते, मागून येणाऱ्या वाल-हरभऱ्याला नाही. रायगड जिल्ह्यात नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर, नांगरणी-चिखलणीशिवाय भात घेण्याची सगुणा पद्धत पुढे आणली. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. तणाचा बंदोबस्त मात्र त्यात काटेकोर लागतो, आणि तणनाशकाचा वापर आला की विहिरीच्या पाण्याचाही विचार आला.

बटाईने जमीन दिली असेल तर या वर्षीचा करार करताना एवढे बोलून घ्या: रोटाव्हेटर किती वेळा, धसकटे जाळायची की शेतातच ठेवायची, आणि पाऊस पडल्यावर किती दिवसांनी ट्रॅक्टर आत घालायचा.