सिस्टर म्हटल्या जाणाऱ्या मुली

मराठी कथा-कादंबरीत परिचारिका येते ती बहुधा खाटेच्या उशाशी उभी राहण्यापुरती. नायकाचा ताप उतरला की तीही पानांतून नाहीशी होते. ती शिकायला कोठून आली, धाकटी बहीण तिच्याच पाठोपाठ का आली, याची चौकशी लेखक सहसा करीत नाही. ही उणीव आम्हांस किरकोळ वाटत नाही.

पलूसचेच पाहा. गावाला लागून असलेल्या किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले. त्याच लोहमार्गावरच्या मिरजेत विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून उभे होते, आणि तेथे मुली परिचर्या शिकत होत्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साह्याने विधवांनाही हीच वाट दाखविली. एकीकडे स्त्रीस्वातंत्र्याची चर्चा छापली जात होती, दुसरीकडे ते रात्रपाळीत कमावले जात होते. अंतर थोडे, पण आमच्या वाङ्मयाने तो प्रवास क्वचितच केला.

विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर यांनी तो निराळ्या मार्गाने केला. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मधल्या एका कथेचे शीर्षकच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालू लागले की तिचे लग्न लांबणीवर पडते, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी ओळखले. शिक्षिकेविषयी जे लिहिले गेले ते परिचारिकेविषयी का लिहिले जाऊ नये?

आम्हांस याचे एक कारण भाषेत दिसते. वॉर्डात सारी नातीच असतात: आया ती मावशी, वॉर्डबॉय तो मामा, नर्स ती सिस्टर. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणाऱ्या तरुण मुलीला या नात्याचे संरक्षण मिळते, हे खरेच. पण बहीण ठरलेल्या स्त्रीला प्रियकर असू शकतो ही कल्पनाही त्याच शब्दाने हद्दपार होते. ‘सेवा’ हा शब्द उरलेले काम करतो. सेवेला पगार विचारणे जसे अशोभनीय, तसेच सेविकेने स्वतःसाठी काही मागणे. (नव्या लेखकांनी निदान ‘नोकरी’ म्हणावे.)

प्रत्यक्षात त्या मागतातच. द्राक्षबागेचे कर्ज डोक्यावर असलेल्या घरातील दोन बहिणी घ्या. त्यांचे स्वातंत्र्य एका लोखंडी खाटेपासून आणि तिच्याखालच्या कुलूपबंद ट्रंकेपासून सुरू होते. प्रेम करायचे तर ते ड्युटीच्या तक्त्यात बसवावे लागते, आणि वसतिगृहाचे फाटक ठरल्या वेळी बंद होते. थोरलीचा पहिला पगार धाकटीच्या फीला जातो. धाकटीने नुकताच जीएनएमला प्रवेश घेतला आहे. म्हणजे थोरलीने ज्याला होकार दिला आहे, त्याला आणखी तीन वर्षे थांबायला सांगायचे आहे. आणि ते सांगायला धाकटीच जाणार आहे.