काडतुसें भरण्याचें यंत्र संघानें घ्यावें काय?

पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्या आमच्या कित्येक सभासदांनीं गेल्या पावसाळ्यापासून एक सूचना वारंवार केली आहे. ती अशी कीं, बारा बोअरचीं काडतुसें महाग झालीं, वेळेवर मिळतही नाहींत. तेव्हां उडविलेलीं रिकामीं काडतुसें पुन्हां भरण्याचें एखादें मोठें यंत्र संघानें विकत घ्यावें व सर्वांस माल पुरवावा. सूचना सद्धेतूची आहे व तिच्यामागील अडचण खरी आहे. आश्विनांत भात पिकूं लागलें कीं रानडुकरांचा कळप एका रात्रींत खाचर लोळवून टाकतो. माळ्यावर राखणीस बसलेल्या माणसाजवळ त्या वेळीं दोन काडतुसें नसलीं, तर त्याची बंदूक काठीहून अधिक उपयोगाची नाहीं. तथापि पुष्कळ विचारान्तीं आमचें मत या सूचनेच्या विरुद्ध झालें आहे.

प्रथम यंत्राचाच विचार करूं. हीं यंत्रें दोन जातींचीं असतात. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत मेव्हिल गांवच्या कंपनीचें ‘मेक’ नांवाचें लहान यंत्र प्रसिद्ध आहे. त्यांत एकच काडतूस हातानें एका ठाण्यावरून दुसऱ्यावर न्यावें लागतें. टोपी, दारू, डाट, छर्रे आणि शेवटीं तोंड मुडपणें, असा क्रम चालतो. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत गोल तबकडीवर अनेक काडतुसें एकदम बसतात व दांड्याच्या प्रत्येक ओढीस एक काडतूस तयार होऊन बाहेर पडतें. त्याच कंपनीचीं ‘९०००’ मालिकेंतील यंत्रें व आयडाहोमधील पॉन्सनेस-वॉरन यांचीं यंत्रें या जातीचीं आहेत. मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम धरणाऱ्या मंडळींसाठीं तीं निघालीं. त्या खेळाच्या एका फेरींत माणशीं २५ चकत्या असतात. चार गड्यांनीं दोन फेऱ्या केल्या कीं एका दुपारींच २०० काडतुसें खर्चीं पडतात. तेथें असें यंत्र आपली किंमत खात्रीनें वसूल करून देतें, आणि आमचा संघ नेमबाजांचा असता तर आम्हीं दुसऱ्या जातीचेंच यंत्र निवडलें असतें.

परंतु आपल्या राखणदाराचे एका हंगामांत दहा-वीस बारही क्वचितच होतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हीं जलद यंत्रें बारीक छऱ्यांकरितां केलेलीं आहेत. बारीक छरा धान्याप्रमाणें वाहतो व मापांतून आपोआप पडतो. डुकरास लागणारे एल.जी. किंवा एस.जी. यांसारखे मोठे छरे मापांत अडकतात. ते हातानें मोजूनच घालावे लागतात. म्हणजे ज्या काडतुसाची आपणांस गरज तेंच या यंत्रांतून झटपट निघत नाहीं. बारीक छऱ्यानें डुकराला नुसतें जखमी करून कराईच्या कुंपणांत शिरूं देणें हें क्रौर्य तर आहेच, शिवाय सकाळीं गवत काढावयास जाणाऱ्या बायामाणसांच्या जिवाशीं तो खेळ आहे.

आणखी एक धोका आहे. यंत्र वेगानें चालत असतां दारू नळींत अडली तर पांच-सहा काडतुसें दारूवांचून तयार होतात व कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. असें काडतूस उडवितां केवळ टोपीच्या जोरानें डाट नळींत मध्येंच अडकून राहतो आणि अंधारांत घाईनें घातलेल्या पुढच्या काडतुसानें नळी फुटते. कोंकणच्या दमट हवेंत दारूचें माप सारखें राखणें कठीणच. तें काम संघाच्या कारकुनावर सोंपविण्यास आम्ही तयार नाहीं.

आतां कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येंत दारूगोळ्याचे भाग तर घातले आहेतच, पण तो तयार करण्याचीं यंत्रेंही घातलीं आहेत. तेव्हां यंत्र दारांत येतांच प्रश्न सुरू होतो. शिवाय परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा कलम ५ खालीं अपराध असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसें भरण्याचा परवाना नव्हे. कांहीं सभासदांची समजूत याहून निराळी दिसली म्हणून हें स्पष्ट लिहावें लागलें.

मग अडचणीस उपाय काय? काडतुसें आपल्याच प्रांतांत, खडकीच्या कारखान्यांत, होतात. हा १८६९ सालचा कारखाना २०२१ पासून म्यूनिशन्स इंडिया कंपनीकडे आहे. अडतें तें पोंचण्यांत. संघानें ज्येष्ठांतच परवानेदार सभासदांची मागणी गोळा करून परवानाधारक विक्रेत्यास एकत्र कळवावी व भाद्रपदापूर्वीं ज्यानें त्यानें आपापल्या परवान्यावर माल उचलावा. मागणी एकगठ्ठा दिसली म्हणजे विक्रेताही माल आणून ठेवतो. सुटी मागणी त्याच्या हिशेबांत येत नाहीं.

दुसरी गोष्ट परवान्याची. कायदा पीकसंरक्षणासाठीं मुख्यत्वें ठासणीची बंदूक धरून चालतो. पण भर पावसांत रंजक ओली होते, व एक बार फुकट गेला कीं दुसरा ठासेपर्यंत डुकर अंगावर येतो. ठासणीची पुरेशी नाहीं अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास काडतुसाची बंदूक देण्याची मुभा कलम १३ मध्येंच आहे. ती खात्री पटविण्यास नुकसानीचे पंचनामे जवळ हवेत. आपले लोक पंचनामा करून घेण्याचा कंटाळा करतात व मागाहून सरकारास दोष देतात. रानडुकर मारण्यास वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणें अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूमही लागतो. १ एप्रिल २०२३ पासून हा प्राणी दुसऱ्या अनुसूचींत आहे. त्या अर्जासही तोच पंचनामा उपयोगीं पडतो.

यंत्रासाठीं म्हणून कांहीं सभासदांनीं वर्गणी देऊं केली आहे. ती रक्कम पंचनाम्यांचे व अर्जांचे कागद तयार करून देणारा एक माहितगार मनुष्य भातकापणीपर्यंत नेमण्याकडे लावावी, असें आम्हीं येत्या सभेंत सुचविणार आहों.