आधी विचारा, मग रागवा



रविवारी सकाळी स्वयंपाकघर मागे टाकून, हातात हॉकीची स्टिक घेऊन निघालेली बाई तुम्ही पाहिली आहे का? आमच्या राजगुरुनगरात या, एक सोडून चौदाजणी दाखवते! त्यांतलीच एक मी. कुणी शाळेत खेळलेली, तर कुणी पस्तिशीनंतर प्रथमच स्टिक धरलेली. खेळ बेताचा, पण हौस दांडगी.

मात्र हौसेच्या खेळालाही कटकटी असतात, बरं का! निम्म्याजणी वेळेवर येत नाहीत. एकीला चेंडू मिळाला की ती तो कुणाला द्यायला तयार नसते. गोलात उभं राहायला कुणी राजी नसतं. वर्गणी मागितली की "पुढच्या आठवड्यात देते हं!" भिशी चालवणाऱ्यांना हे सारं ओळखीचं वाटेल.

आमच्यातली एकजण रोज उशिरा यायची. आम्ही सहाला जमायचो, ही साडेसातला हजर. एकदा मीच सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "अगं, खेळायचं नसेल तर तसं सांग ना!" ती काही बोलली नाही. स्टिक उचलली आणि गेली. त्यानंतर चार महिने आलीच नाही.

पुढे बाजारात भेटली तेव्हा कारण कळलं. नवरा चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला. तो घरी आल्यावरच लहान मुलाला त्याच्याजवळ सोडून ती निघू शकायची. त्यात चाकणची ती वाहनांची कोंडी! कंपनीची बस अडकली की हिचाही खेळ अडकला. इतके दिवस आम्ही तिला उशीर मोजून दाखवला, पण "का गं?" एवढं विचारलं नाही. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमचा खेळ हॉकी असो, बॅडमिंटन असो की नुसतं फिरायला जाणं, तुम्हांलाही त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्या या पट्ट्यात कुणाच्या घरी रविवारची सुट्टी, कुणाच्या घरी गुरुवारची. कुणाची पहिली पाळी, कुणाची तिसरी. तेव्हा प्रत्येकीला विचारून वेळ ठरवा. आम्ही साडेआठ केली. ऊन थोडं लागतं, पण माणसं येतात.

दुसरी गोष्ट संख्येची. अकराजणींची वाट पाहत बसू नका. पाचजणींच्या संघाची हॉकीही आता जगभर खेळली जाते, आणि त्या पाचांत गोलरक्षकही आली. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला तिची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि आपल्या मुली दुसऱ्या आल्या. म्हणजे दहाजणी जमल्या की सामना झालाच! उरलेल्या बाहेर बसून रुसायला नकोत. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. घड्याळ लावा आणि दर पाच मिनिटांनी पाळी बदला. गोलातही पाळीपाळीनंच उभं राहा.

तिसरी गोष्ट जपण्याची. हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड असतो. पिंपरीच्या नेहरूनगरमधल्या मेजर ध्यानचंद स्टेडियमच्या कृत्रिम हिरवळीवर तो सरळ धावतो. आमच्या मुरमाड मैदानावर ससा होऊन उडतो! म्हणून नडगीला शिनगार्ड हवाच, आणि जोरात फटके मारणारीला प्रेमानं, पण स्पष्ट सांगायला हवं. मनात ठेवाल तर पुढच्या आठवड्यात दोघीही येणार नाहीत.

चौथी गोष्ट घरची. "या वयात हॉकी?" असं सासूबाई म्हणाल्या तर वाद घालू नका. त्यांना सांगा, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत आपल्या बायकांनी हॉकीत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. आमच्या सासूबाई आता विचारतात, "आज किती गोल झाले गं?" पोहे आदल्या रात्री निवडून, कांदा चिरून ठेवा, फोडणी घालायला नवऱ्याला शिकवा. पहिल्यांदा मीठ जास्त पडेल. खाऊन घ्या, पण नावं ठेवू नका. नाहीतर पुढच्या रविवारी तो शिकलेलं विसरेल!

जाता जाता एक छोटी सूचना. मोज्यांना लागलेला चिखल ओला असताना चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झटका आणि मग साबणाच्या थंड पाण्यात भिजत घाला. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवा.

आणि हो, आमची ती मैत्रीण पुन्हा येऊ लागली आहे. परवा तिनं गोल केला तेव्हा तिचा नवरा मुलाला खांद्यावर घेऊन मैदानाच्या कडेला उभा होता. डोळ्यांत रात्रपाळीची झोप होती, पण टाळ्या मात्र त्यानंच सर्वांत आधी वाजवल्या.

तुमच्याही गटातली एखादी बरेच दिवस दिसली नसेल. आजच तिच्या घरी जाऊन या. रागवायला नव्हे हं, विचारायला!