दीड हजारात विकलेलं मत

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचे निकाल लागले आणि पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे एक लग्न होतं. पंगतीत दुसरा विषयच नव्हता. काका म्हणाले, "दीड हजार रुपयांत मत विकलं बायकांनी. आपण विचार करून मत देतो, आणि निकाल ठरवतात ते भावनेच्या भरात वाहून जाणारे लोक." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. समोर जिलबी होती, आणि काकांशी वाद घालायची हौस वयाबरोबर कमी झालीय. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो. (काका, ताई तुम्हाला हे वाचून दाखवेलच. रागावू नका. रागावलात तर माझा मुद्दा सिद्ध होईल :))

आधी त्या दीड हजारांचं बोलू. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेली बाई खात्यात पैसे आले की नाही ते बघते आणि मत देते. यात भावना कुठे आली? हा हिशोब आहे. राज्याच्या तिजोरीला तो जड जाईल की नाही यावर खुशाल भांडू. पण २०२५ च्या बजेटमध्ये नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही असं जाहीर झालं, तेव्हा आपल्या फॅमिली ग्रुपवर जे फटाके फुटले त्याला कुणी 'मत विकणं' म्हटल्याचं मला आठवत नाही.

वाहून जाणारे कोण, ते सांगतो. आपण. आणि पहिला नंबर माझा.

२६ नोव्हेंबर २००८. तीन रात्री टीव्हीसमोरून हललो नव्हतो. आजही डोळे मिटले की ताजच्या घुमटातून निघणारा धूर दिसतो. तुम्हालाही तोच दिसत असणार. आता आठवून बघा: त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, त्यातली एका जागी सर्वांत जास्त कुठे गेली? ताजमध्ये नाही. सीएसटी स्टेशनात, ५८. आपण रोज जिथून जा-ये करायचो तिथे, आपल्यासारखीच, गाडीची वाट बघत बसलेली माणसं. पण तिथला प्रकार तासा-दीड तासात संपला, आणि ताज मात्र जवळजवळ साठ तास कॅमेऱ्यासमोर जळत राहिलं. म्हणून आपल्या मनात २६/११ म्हणजे ताज.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या जोडीने १९७३ सालीच हे मांडून ठेवलं होतं. एखादी गोष्ट किती वारंवार घडते हे आपण मोजत नाही. तिचं उदाहरण किती पटकन आठवतं, त्यावरून अंदाज बांधतो. कानेमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: अवघड प्रश्न समोर आला की मन गुपचूप त्याच्या जागी सोपा प्रश्न ठेवतं आणि त्याचं उत्तर देऊन मोकळं होतं. 'हा माणूस पाच वर्षं कारभार कसा करील?' हा अवघड. 'हा मला आवडतो का? माझा राग याच्या तोंडून निघतो का?' हा सोपा. गंमत म्हणजे अदलाबदल झाल्याचं आपल्याला कळतसुद्धा नाही.

याच शहरातली दुसरी संख्या घ्या. त्या वर्षांत मुंबईच्या लोकलवर दरवर्षी तीन हजारांहून जास्त माणसं मरत होती. रूळ ओलांडताना सर्वांत जास्त, मग गर्दीत दारातून पडून. म्हणजे दर तीन आठवड्यांनी एका २६/११ एवढी. आता आकडा खाली आलाय, तरी २०२४ मध्येही तो दोन हजारांच्या वरच होता.

"अरे, खून आणि अपघात एकाच तागडीत तोलतोस?" हा काकांचा आवाज मला आत्ताच ऐकू येतोय. नाही तोलत. कुणीतरी ठरवून आपल्या माणसांना मारायला येतो, त्याचा राग आलाच पाहिजे. तो राग वायाही गेला नाही. केंद्राचे गृहमंत्री गेले, राज्याचे मुख्यमंत्री आणि गृहमंत्री गेले, महिन्याभरात एनआयएचा कायदा झाला. माझी तक्रार रागाबद्दल नाहीच. राग जिथे चित्र दिसतं तिथेच जातो, आणि चित्र हललं की संपतो, ही तक्रार आहे. रोज एकेक करून मरणाऱ्यांचं चित्र नसतं. त्यामुळे त्यांच्यापायी कुणाचं मंत्रिपद जात नाही, आणि प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला आपण पादचारी पुलाबद्दल विचारत नाही.

'आपण शिकलेले, आपल्याला आकडे कळतात' हा तर सगळ्यात मोठा भ्रम. अमेरिकेत डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. तो त्वचेच्या मलमाबद्दल आहे असं सांगितलं, तेव्हा गणितात हुशार असलेल्यांनी बरोबर उत्तरं दिली. मग तसाच तक्ता बंदुकांवरच्या बंदीबद्दल आहे असं सांगितलं. आता हुशार लोक आपापल्या पक्षाकडे जास्तच झुकले, कमी हुशारांपेक्षाही जास्त! शिक्षणाने राग कमी होत नाही, त्याला चांगला वकील मिळतो एवढंच. आमच्या ग्रुपवर सर्वांत लांब, सर्वांत आकडेबाज फॉरवर्ड कोण पाठवतं? अंगठेबहाद्दर नक्कीच नाही. असो.

माझी पाळी. ३ डिसेंबर २००८ ला, हल्ल्याला आठवडा झाला त्या संध्याकाळी, गेटवेला हजारो लोक जमले होते. मीही मेणबत्ती घेऊन गेलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. राजकारण्यांना धडा शिकवायचा, पुढच्या निवडणुकीत दाखवायचं. ती निवडणूक आली ३० एप्रिल २००९ ला, गुरुवारी. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. मुंबईत मतदान झालं जेमतेम चाळीस टक्क्यांच्या आसपास. मी त्या चाळीसात नव्हतो. गावी होतो, आंबे खात. काका, तुम्हीही होतात बरोबर. आपण विचार करून मत देणारे!

मेणबत्त्यांच्या त्या रात्री घरी मुलुंडला यायला सीएसटीला गाडी पकडली. जिथे ५८ माणसं पडली होती तिथूनच चालत गेलो, पण मेणबत्ती गेटवेलाच विझवून आलो होतो. गाडी मधेच थांबली. दारातल्या कुणीतरी सांगितलं, पुढच्या गाडीतून एक पोरगा पडला. माझ्या तोंडून काय निघालं माहितीय? "च्यायला, आजच पडायचं होतं याला." आजूबाजूचे दोघेतिघे हसले. वीसेक मिनिटांनी गाडी निघाली.

तो कोण होता, वाचला की गेला, मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मी ती बातमी शोधलीसुद्धा नाही. गेटवेचा फोटो होता, त्या गर्दीत मी कुठे दिसतोय का, ते मात्र बराच वेळ बघत होतो.