दुकानदारीचा अभ्यास आणि रजेचा प्रश्न

"दुकानात उभं राहायला कसली पदवी हवी?" असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. माझा भाचा म्हापशात दुकानात नोकरी करून दूरशिक्षणाने रिटेल मॅनेजमेंट शिकतो, त्यालाही हे ऐकावं लागतं. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. चतुर्थीला माटोळीचं सामान किती आणायचं? कमी आणलं तर गिऱ्हाईक परत जातं. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही. शुक्रवारच्या बाजारात बसणारी बाई हे अनुभवाने जाणते. अभ्यास त्याच अनुभवाला हिशेबाची शिस्त लावतो.

खरी अडचण वेगळीच आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या इग्नूने नोकरदारांना शिक्षणाचं दार उघडून दिलं. पण तिच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात. गोव्यात डिसेंबर म्हणजे नाताळ आणि पर्यटकांचा हंगाम. नेमकी तेव्हाच रजा कोण देणार?

मालकांनी परीक्षेच्या तारखा आधीच विचारून घ्याव्यात आणि कामाच्या पाळ्या तशा लावाव्यात, एवढंच माझं म्हणणं. शिकला की सोडून जाईल, अशी भीती काहीजण बोलून दाखवतात. अहो, पण रजा नाकारली म्हणून तो आजच गेला तर?