टपालाने अभियंता होता येते काय?

रामटेकच्या परिसरात पर्यावरण अभियंत्याला कामाची वाण नाही. इकडे मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी, तिकडे नागपूरच्या अंगाला खापरखेडा आणि कोराडीची औष्णिक वीजकेंद्रे. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख लोकांच्या शेतांत शिरली. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या एखाद्या पदविकाधारकाला वाटले, की घरबसल्या अभ्यास करून या विषयाची पदवी घ्यावी, तर त्यात गैर काय? गैर काहीच नाही. पण ती वाट आज बंद आहे.

3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातील अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल लावला. 2001 ते 2005 मधील प्रवेशांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली; त्यानंतरच्या सरळ रद्द. पदवीच्या बळावर मिळालेले लाभही गेले. शुल्क परत करायला न्यायालयाने सांगितले खरे. पण मी बँकेत आयुष्य काढले आहे, मुद्दल परत आले म्हणून रात्री जागून घालवलेली वर्षे कोणत्या खात्यात जमा होतात, ते मला अजून सापडलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांतही अभियांत्रिकीला दूरशिक्षणात जागा नाही.

निकाल कठोर होता, पण मला तो पटतो. सांडपाण्याची साधी बीओडी चाचणी घ्या. नमुना बाटलीत भरून 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायचा आणि पाण्यातला प्राणवायू किती घटला ते मोजायचे. शेवटी निळा रंग उडतो तो क्षण पुस्तकातून कळत नाही, त्याला हात बसावा लागतो.

मग नोकरदाराने करायचे काय? पूर्वी कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई परीक्षा होती. तिची पदवीसमान मान्यता 31 मे 2013 पर्यंत नावे नोंदवलेल्यांपुरतीच राहिली. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी पदवीवर्ग चालवायची मुभा तंत्रशिक्षण परिषदेने महाविद्यालयांना दिली ती 2023 मध्ये. मधली दहा वर्षे गेली ती गेली.

खरे उत्तर या वर्गांतच आहे. रामटेकला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नागपुरात 1958 पासूनची ‘नीरी’ आहे. शुक्रवारी संध्याकाळी भरलेली बाटली सोमवारी संध्याकाळी मोजता येते. पाळीच्या माणसालाही एवढे जमेल. अडचण निराळीच दिसते. संगणकाच्या वर्गाला विद्यार्थी मिळतात, सांडपाण्याच्या वर्गासाठी कोणते महाविद्यालय दिवे लावून बसेल, याची मला शंका आहे.

‘इग्नू’ची पर्यावरण आणि शाश्वत विकासाची पदव्युत्तर पदविका आहे, पदवीधराने ज्ञानासाठी ती जरूर घ्यावी. मात्र ती अभियांत्रिकीची पदवी नव्हे. आणि घरात कोणी ‘घरबसल्या बी. ई.’चे माहितीपत्रक घेऊन आलाच, तर शुल्क भरण्याआधी प्रयोगशाळा कुठे आहे ते विचारा, आणि चालू वर्षाच्या मान्यतेचे पत्र डोळ्यांनी पाहा.